पट्ट्यांची जर्सी

आमचे आबा, माझे वडील, रग्बी खेळायचे, देशाकडून, हे पारोळ्याकडच्या आमच्या गावात कुणालाही पटलं नाही. तरुणपणी ते लष्करात होते, तिथेच शिकले, एकदा देशाच्या संघातून परदेशी जाऊन आले. गावात त्या अंड्याच्या आकाराच्या चेंडूचं सांगितलं, तर लोक पोट धरून हसले. "कोंबडीना अंडाना मायक चेंडू? आबा, काहीबी फेकू नका!" मेले! जन्मभर त्यांना फेकूच म्हणाले.

संघाबरोबरचा फोटो वाळवीने खाल्ला. पुरावा म्हणून उरली एक जाड सुती, पट्ट्यांची जर्सी. ती ट्रंकेत तळाशी असायची, मी कधी नीट पाहिली नव्हती.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले. बाळाची गोधडी घरातल्या थोरांच्या जुन्या, मऊ झालेल्या कपड्यांचीच शिवायची, अशी आमच्याकडे रीत. आईच्या साड्या निघाल्या, आबांचं धोतर निघालं. ट्रंकेतून ते पट्ट्यांचं जुनेर मीच उपसलं आणि मीच कात्री चालवली. डोळे फुटले होते का माझे? मला वाटलं, स्वेटर असेल. आई ओरडली तेव्हा तुकडे झाले होते; ते तसेच गोधडीत शिवले. आम्ही दोघींनी आबांना काही सांगितलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही.

आता आबांनी नव्वदी ओलांडली आहे, आई नाही, आणि ते माझ्याकडे पिंप्राळ्यात राहतात. गेल्या महिन्यात क्रीडा मंडळाची तीन माणसं आली, जुन्या खेळाडूंचा सत्कार करायला. आबांनी सकाळीच दाढी करून घेतली होती. पाहुणे आदराने म्हणाले, "आबा, एखादी खूण दाखवा. फोटो, जर्सी, काहीही."

मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. बोलायचं होतं मी. मी कप मांडत राहिले.

आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पाहुण्यांना म्हणाले, "जर्सी नव्हतीच हो. मी काही खेळलो नाही. लोक उगाच बोलतात."

आणलेली शाल पाहुण्यांनी पिशवीतच परत नेली.

मी आबांच्या पायाशी बसून रडले. ते म्हणाले, "रडू नको. गोधडीवरनी जर्सी पहिल्या दिवशीच वळखी व्हती मी. पोरगं गोधडीम्हा सुखे निजनं ना?"

पाहुण्यांची गाडी अजून खाली चालू होत होती. मला पळत जाऊन सांगता आलं असतं. मी उठले नाही.