तपासले, बरोबर

ज्योतीराम साळवे नाकासमोर चालणारा माणूस, पण स्वभाव शंकेखोर. शेजारणीने दुधाचं माप धरलं की हा मापाकडे बघायचाच नाही, तिच्या अंगठ्याकडे बघायचा. या खोडीपायी चाळीत त्याच्याशी फारसं कुणी गप्पा मारत नसे, आणि या खोडीनेच त्याला पोटाला लावलं होतं.

चौसष्ट साली तो बीडकडून पिंपरीत आला, सोबत थोरली बहीण सरूबाई. आईबाप लवकर गेले. या आक्काने रस्त्याच्या कामावर खडी फोडून त्याला सातवी पास केलं. तिचा स्वतःचा संसार दोन वर्षांत मोडला, तो तिने पुन्हा मांडला नाही. ज्योतीरामानेही लग्नाचं मनावर घेतलं नाही. दोघांचं एक खोलीचं घर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. रविवारी विहारात वंदनेला दोघं जोडीने जात. खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणताना ज्योतीरामचा आवाज नेहमी थोडा चढायचा, कारण तेवढं एक शील आपण काटेकोर पाळतो असं त्याला मनापासून वाटे.

कारखान्यात तो इन्स्पेक्शनला होता. व्हर्नियर लावायचा, माप घ्यायचं, पार्ट पास करायचा किंवा लाल पेटीत टाकायचा. तिथला एक नियम त्याच्या हाडीमाशी मुरला. प्रत्येक पार्टाला तारेने टॅग बांधलेला असायचा. टॅग सुटला की पार्ट आरशासारखा चकचकीत असला तरी लाल पेटीत जायचा. तो कुठल्या लॉटचा, कुणाच्या पाळीतला, हे सांगणारं मग कुणी उरत नाही, म्हणून.

बहात्तर साली प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनीच्या साहेबांनी शब्द टाकला आणि रेल्वेरुळापलीकडच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात त्याला रेकॉर्ड रूममध्ये घेतलं. काम तेच, तपासायचं. फक्त पार्टाऐवजी कागद. महिन्याच्या शेवटी स्टोअरचं पुस्तक, ऑपरेशनचं रजिस्टर आणि पेशंटचा केसपेपर असे तीन कागद शेजारी ठेवायचे, ताळा जमला की खाली लिहायचं: ‘तपासले, बरोबर.’ मग सही.

सत्त्याहत्तरपासून तिथले जगदाळे डॉक्टर मोडक्या खुब्यात पोलादी गोळा बसवू लागले. गोळ्याला खाली लांब दांडी, ती मांडीच्या हाडात ठोकायची. दांडीवर लॉटचा नंबर कोरलेला, आणि तोच नंबर डब्यातल्या चिठ्ठीवर छापलेला. आपल्याकडच्या बायकांच्या हाडाला बहुतेक एकच माप बसायचं. एकोणऐंशीत त्या मापाचे आठ गोळे आले. पाच गोळे सतरा नंबरच्या लॉटचे, तीन बावीसचे.

एकदा स्टोअरचं पुस्तक घ्यायला म्हणून तो ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गेला आणि तिथे त्याने ते पाहिलं. थिएटरच्या सिस्टर कुसुमताई गोळे डब्यातून काढून दोन-तीन एकदम वाफेत शिजायला टाकत होत्या. चिठ्ठ्या मात्र एका रिकाम्या साबणदाणीत पडलेल्या.

‘‘सिस्टर, चिठ्ठ्या अशा सुट्या?’’

‘‘मग काय करू? वाफेत लगदा होतो त्यांचा. ऑपरेशन झालं की त्यातली एक उचलायची आणि केसपेपरला डकवायची. माप तर एकच आहे ना सगळ्यांचं?’’

ज्योतीरामच्या मनात पाल चुकचुकली. टॅग सुटलेला पार्ट! कारखान्यात असता तर त्याने आठही गोळे लाल पेटीत टाकले असते आणि साहेबांशी भांडलाही असता. पण इथे लाल पेटी नव्हती, सिस्टर वयाने आणि मानाने मोठ्या होत्या, आणि दोन बोटं गेलेल्या माणसाने दुसऱ्याच्या दारात फार तोंड चालवू नये हेही त्याला कळत होतं. त्याने कानाडोळा केला. महिनाअखेरीला तीनही कागद जुळले. जुळणारच होते, तिन्हींवरचा नंबर त्या एकाच चिठ्ठीवरून उतरवलेला होता. ‘तपासले, बरोबर.’ आठ बायकांच्या नावांखाली त्याने आठ वेळा लिहिलं. त्यातलं एक नाव आक्काचं होतं. ती रॉकेलच्या रांगेत पडली होती, आणि भावाच्या हॉस्पिटलात गोळा बसला म्हणून चाळभर मिरवत होती.

ऐंशीच्या दिवाळीनंतर मुंबईहून पुरवठादाराचं पत्र आलं. बावीस नंबरच्या लॉटचं पोलाद सदोष निघालं होतं. गोळा आणि दांडी जुळते तिथे आतून बारीक चीर असते, वर्ष-दोन वर्षांत ती केव्हाही तुटू शकते. ज्यांना ते गोळे बसवले त्यांना बोलावून बदलून द्यावेत. चीर इतकी बारीक की एक्स-रेत दिसत नाही, आणि नंबर तर दिसायचा प्रश्नच नाही. कुणाच्या अंगात काय आहे हे एक रजिस्टरच सांगणार होतं.

रजिस्टरने तीन नावं दिली. त्यातली एक बाई काविळीने आधीच गेलेली. दुसरी तळेगावची शालनबाई, तिसरी महाळुंग्याची केसरबाई. आक्काच्या नावापुढे सतरा होतं. जगदाळे डॉक्टर स्वतः रेकॉर्ड रूममध्ये येऊन म्हणाले, ‘‘साळवे, तुमची बहीण सुटली बरं का.’’ ज्योतीराम हसला. ते हसू त्याला दिवसभर चेहऱ्यावर चिकटल्यासारखं वाटत राहिलं.

पहिल्या गुरुवारी शालनबाईंचा खुबा पुन्हा उघडला. काढलेला गोळा नवा बसवण्याच्या गडबडीत कुणी पाहिला नाही. कापडात गुंडाळून तो परत पाठवण्यासाठी ज्योतीरामच्या टेबलावर आला. पाठवण्याआधी त्याने सवयीने कापड सोडलं, दांडी पुसली, खिडकीच्या उजेडात धरली.

सतरा.

चांगला गोळा काढला होता. बाईची मांडी उगाच फाडली होती. ज्योतीराम खुर्चीत बसला. मग हळूहळू दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. शालनबाईंचा बावीस तिच्यात नाही, तर तो कुणात आहे? उरलेल्यांतल्या कुणाही एकीत. आक्कात असेल. गेल्या रविवारीच विहाराची पायरी चढताना ती म्हणाली होती, ‘‘ज्योत्या, पायात टिकटिक वाजतंय बग. दुखत काय न्हाई, पर वाजतंय.’’

त्या दिवसापासून घरात ती उठली, बसली, मोरीकडे गेली की तो कान टवकारून ऐकू लागला. भाकरी थापता थापता तिने कूस बदलली तरी याचा घास तोंडात फिरे. रजिस्टराप्रमाणे आक्का सुरक्षित होती. गप्प बसलं तर येत्या गुरुवारी केसरबाईंचा खुबा उघडणार होता, आणि पुरवठादाराने पाठवलेल्यांतला नवा गोळा आता एकच उरला होता. पुढचे कधी येतील ते पत्रात लिहिलेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी तो डॉक्टरांकडे गेला. शालनबाईंचा गोळा टेबलावर ठेवला, साबणदाणीतल्या चिठ्ठ्यांचं सांगितलं, आणि आपण ते डोळ्यांनी पाहून सह्या केल्या हेही सांगितलं. डॉक्टरांनी गोळा उचलून दांडीवरचा नंबर वाचला.

‘‘म्हणजे रजिस्टर कचऱ्यात टाकायचं,’’ ते म्हणाले. ‘‘उद्या केसरबाईंना टेबलावर घ्यायचं ते कशाच्या जोरावर? त्यांना तर काहीच होत नाहीये. साळवे, गोळा एक आहे. आता जिला दुखतंय तिलाच तो द्यायचा, दुसरा मार्ग मला दिसत नाही.’’

‘‘साहेब,’’ ज्योतीराम म्हणाला, ‘‘माझ्या बहिणीला दुखतंय. वाजतंयसुद्धा.’’

बघा आता. ज्या तोंडाने खरं बोलायला आला होता, त्याच तोंडाने हे बोलला. खरं बोलायला तरी तो कशासाठी आला होता, शीलासाठी की बहिणीसाठी, हे मी सांगू शकत नाही. त्याला स्वतःलाही ते कधी नीट सांगता आलं नाही. तो दुपारी घरी गेला आणि आक्काला म्हणाला, ‘‘डॉक्टर विचारतील. लई दुखतंय म्हण.’’

‘‘पर दुखत न्हाई रं.’’

‘‘म्हण म्हणतो ना.’’

आक्काने त्याच्याकडे नीट पाहिलं. कामून, असं तिने विचारलं नाही. खडी फोडून शिकवलेल्या भावाचं ती ऐकत आली होती, याही वेळी ऐकलं. संध्याकाळी डॉक्टरांपुढे ती म्हणाली, ‘‘लई दुखतंय साहेब,’’ आणि मान खाली घातली.

केसरबाई ऑपरेशनसाठी आधीच भरती होती. तिची खाट रिकामी करून तीच आक्काला दिली. पन्नाशीची, काटक बाई, घरी सोडताहेत म्हणून तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. तिला कुणीतरी सांगितलं होतं की रेकॉर्डवाल्या साळव्यांनी चूक पकडली म्हणून तुमचं कापणं वाचलं. ती ज्योतीरामपुढे येऊन हात जोडू लागली.

‘‘भाऊ, लई उपकार झालं बगा. आमी तर जीव मुठीत धरून आलो व्हतो.’’

‘‘बाई, जपून चाला,’’ तो म्हणाला. ‘‘नवे गोळे आले की पत्र टाकू.’’

‘‘टाका की. पर मला काय बी हुत न्हाई.’’ मग तिने आपली बाभळीची काठी आक्काच्या खाटेला टेकवली. ‘‘घ्या बाई, तुमास्नी लागंल. मला आता कशापायी?’’ आणि ती काठीवाचून, ताठ, वॉर्डाच्या दारातून निघून गेली. ज्योतीराम तिच्या पावलांकडे बघत राहिला.

गुरुवारी दुपारी आक्काचा गोळा कापडात गुंडाळून त्याच्या टेबलावर आला. तासभर त्याने कापडाला हात लावला नाही. मग सोडलं.

सतरा.

त्याने दांडी पुन्हा पुसली, भिंग लावलं, उलटी करून पाहिली. कोरलेलं काही पुसून जात नाही. आक्काचा पाय दोन बोटं आखूड झाला. जखम तीन महिने वाहत होती. केसरबाईची काठी तिच्या हाताला कायमची लागली. तिने भावाला एका शब्दाने विचारलं नाही की कोणता नंबर निघाला. त्यानेही सांगितलं नाही. रविवारी विहारात चौथं शील आलं की त्याचे ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही.

डॉक्टरांनी उरलेल्या सगळ्यांना पत्रं टाकली, जड उचलू नका, दुखलं की लगेच या. पुरवठादाराला तारा केल्या. उत्तर आलं नाही, मग कळलं की त्याने धंदाच गुंडाळला. डॉक्टर दुसरीकडे गोळे शोधत राहिले. ज्योतीराम रोज सकाळी भरतीचा कागद आधी बघायचा, मग चहा घ्यायचा. महाळुंगे हे नाव त्यावर दिसू नये एवढंच त्याला हवं असायचं.

एक्क्याऐंशीच्या मार्गशीर्षात ते दिसलं. खळ्यावर भाताचा भारा उचलताना केसरबाई एकाएकी खाली बसली ती उठलीच नाही. चाकणच्या एका टेम्पोत घालून तिला आणलं होतं. डॉक्टरांनी तुटलेले तुकडे काढले, पण पुन्हा काही बसवण्याजोगं हाड शाबूत राहिलं नव्हतं. तुकडे कापडात गुंडाळून रेकॉर्ड रूममध्ये आले. दांडीवर बावीस होतं.

ज्योतीरामने जुनं रजिस्टर काढलं. केसरबाईच्या नावापुढे बावीस. खाली त्याचं सुबक अक्षर, ‘तपासले, बरोबर.’ त्याने स्वतः जाऊन कचऱ्यात टाकायला लावलेल्या त्या रजिस्टरात तिची ओळ मात्र खरी होती. त्या बुधवारी तो गप्प बसला असता तर नवा गोळा तिच्या अंगात असता.

तो वॉर्डात गेला. पाय ताणलेला राहावा म्हणून तिच्या पायाला दोरीने विटा टांगल्या होत्या. तिने त्याला ओळखलं आणि तशा वेदनेतही बोलली.

‘‘साळवेभाऊ, तुमीच ना ते? तुमच्यामुळं वरीसभर मोकळी हिंडले बगा. पोरीचं लगीन केलं, उभी ऱ्हाऊन. आता हे माजंच नशीब, दुसरं काय.’’ मग जरा थांबून, ‘‘तुमची बहीन बरी हाय न्हवं?’’

‘‘बरी आहे,’’ तो म्हणाला.

संध्याकाळी घरी येऊन तो उंबऱ्यातच बसला. आक्का चुलीपाशी होती. त्याची खाली गेलेली मान बघून ती काठी टेकत, एक पाय ओढत जवळ आली.

‘‘ती महाळुंग्याची बाई का?’’

त्याने मान हलवली. आणि मग इतक्या महिन्यांचं सगळं त्याने सांगून टाकलं. तिचा सतरा, केसरबाईचा बावीस, आणि तो एकच आलेला गोळा. तो लहान पोरासारखा रडला. आक्का ऐकत होती. तिने त्याला रागे भरलं नाही की पाठीवर हातही फिरवला नाही.

‘‘तिला चालाया येईल का पुन्हा?’’

‘‘आधाराशिवाय नाही.’’

आक्काने एक हात भिंतीला लावला. तोल सावरला आणि दुसऱ्या हातातली बाभळीची काठी त्याच्यापुढे धरली.

‘‘ही तिची हाय. उद्या जाताना नेऊन दे,’’ ती म्हणाली, आणि भिंत धरून एकेक पाऊल टाकत चुलीकडे गेली.