शेठजींच्या खिशातले फुटाणे

परवा सावनेरकडे कापूस वेचणाऱ्या बायांचे फोटो काढताना एकीनं हातावर गरम फुटाणे ठेवले. तो खमंग वास आला आणि रामटेकच्या गडावरचा आमचा साडीवाला शेठ आठवला. त्याच्यावरचा माझा राग अजून तसाच कुरकुरीत आहे.

त्याच्या दुकानाच्या कॅलेंडरसाठी गडावर फोटो काढायचे, हे माझं पहिलं फॅशनचं काम. ते जमलं, तर लग्नाच्या मांडवातल्या फोटोंतून माझी सुटका होणार होती. पण मुंबईच्या मॉडेलनं मला पोझ विचारली, तर तिच्यासमोरच शेठ म्हणाला, "याले काय विचारून राहिल्या, बाई? हा तर हळदीचे फोटो काढते!"

ती फिसकन हसली. मी फुटाणे विकत घेतले आणि कॉलर नीट करायच्या बहाण्यानं मूठभर शेठच्या कोटाच्या खिशात सोडले. "शेठजी, एक तुमचा काढतो. त्या भिंतीजवळ सरका."

भिंतीवर माकडं होती. शेठची किंकाळी मंदिरापर्यंत गेली, आणि मी नेमका तोच क्षण टिपला.

उरलेले फुटाणे मात्र मी माझ्याच बॅगेत, दिवसभराच्या रोलांशेजारी टाकले होते. मागे वळलो, तर दुसरं माकड बुरुजावर बसून माझी सगळी फिल्म उन्हात ओढून वाया घालवत होतं.

"काहून गा, आता कॅलेंडरवर काय छापू?" शेठ रडवेला झाला.

कॅमेऱ्यात तेवढा एकच फोटो वाचला होता. मी मुकाट्यानं मांडवात परतलो. पण तो फोटो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला. लोक आजही विचारतात, "हा माकडवाला कोण?" मी दुकानाच्या पत्त्यासकट सांगतो.