सुरवंटांनंतरचं रान

कापितोलिना लग्न होऊन त्या नदीकाठच्या गावात आली, तेव्हा सासऱ्याने तिला घराआधी रान दाखवलं. होडीतून अर्धा दिवस वर गेलं की त्यांची लाकडी खोपी लागे, आणि खोपीमागे केद्राची, सुईसारख्या पानांची उंच झाडं. दोघांनी हात धरून कवेत घेतली तरी मावायची नाहीत अशी. त्यांच्या बोंडांतले तेलकट दाणे विकून सासऱ्याने चार मुलं वाढवली होती. "हे आपलं नाही," तो म्हणाला होता, "पण दुसऱ्या कुणाचंही नाही."

सासरा गेला, पुढे तिचा नवरा येफिम गेला. रान राहिलं, आणि ते सांभाळायला ती आणि धाकटा दीर देम्यान. देम्यानने लग्न केलं नाही. त्याचं सगळं त्या खोपीत, सापळ्यांत आणि एका लंगड्या कुत्रीत होतं. दोघं सारखी भांडायची, पण उन्हाळा सरताना बोंडं पिकली की एकाच होडीतून निघायची.

त्या सुमारास हिवाळे बिघडले. थंडी यायची, पण तिच्यात जोर नसायचा. उन्हाळे लांबले, कोरडे पडले. अशाच एका उन्हाळ्याच्या शेवटी ती दोघं खोपीशी पोचली, तर भिंती दिसेनात. करडे, जाडजूड पतंग एकमेकांना खेटून दारापासून छपरापर्यंत बसलेले.

"वहिनी, तुझ्या लग्नालासुद्धा एवढे पाहुणे नव्हते," देम्यान म्हणाला.

"माझ्या लग्नात भिंतीला टेकून एकटा तूच उभा होतास. पिऊन पाय ठरत नव्हते म्हणून."

तो हसला आणि झाडूने दार मोकळं करायला लागला. तिला मात्र हसू आलं नाही. झाडू फिरला की पतंग उडत नव्हते. थोडे सरकत, आणि मोकळ्या जागेत परत येऊन बसत.

पुढचा जून आला. होडी काठाला लावून ती रानात शिरली आणि थबकली. आभाळ निरभ्र होतं, तरी रानभर बारीक पाऊस लागल्यासारखा आवाज येत होता. तिने तळहात पुढे केला. त्यावर हिरव्या-काळ्या लेंड्या पडल्या. वर पाहिलं तर फांद्या हलत होत्या, आणि वारा नव्हता. बोटाएवढे केसाळ सुरवंट झाडाच्या सुया टोकापासून बुडापर्यंत खात चालले होते. एक फांदी संपली की दुसरी. त्यांची घाई नव्हती, पण थांबणंही नव्हतं.

कुठून कुठून कुकू पक्षी जमले होते, कारण केसाळ सुरवंट खाणारे तेवढेच. त्यांची हाक जितक्यांदा ऐकू येईल तितकी वर्षं आपण जगतो, असं त्या भागात लहानपणापासून मोजतात. देम्यान खोपीच्या पायरीवर बसून मोजत होता.

"दोनशे झाली, वहिनी. मरण नाही आपल्याला."

"मोजू नकोस," ती म्हणाली. "चल इथून."

परत येईपर्यंत तिच्या मानेवर, हातांवर गांधी उठल्या होत्या. सुरवंटांच्या केसांनी डोळे सुजून आठवडाभर तिला धड दिसलं नाही. गावातली गुरं ते केस पडलेलं काठावरचं गवत तोंडात धरून सोडून देऊ लागली. जंगल खात्याचं फवारणीचं विमान आलं, पण तोवर सुरवंट कोश करून बसले होते. वैमानिकाने वरून काय पाहिलं कुणास ठाऊक. खाली उतरल्यावर तो चहा न घेताच गेला.

केद्र पुन्हा फुटलं नाही. पुढच्या वर्षी मेलेल्या खोडांत भुंगेरे शिरले. साल सुटून गळू लागली, आणि नदीच्या त्या वळणापासून गावाच्या पाठीपर्यंत सगळं रान राखाडी उभं राहिलं. वारा सुटला की झाडं एकमेकांवर घासत आणि हाडं वाजल्यासारखा आवाज गावात येई. बायका खिडक्या लावून घेत.

कापितोलिनाने तेव्हा गाव डोक्यावर घेतलं. मेलेलं रान आणि घरं यांच्यात रुंद पट्टा साफ करायचा, जमीन नांगरून काढायची, एवढंच तिचं म्हणणं होतं. "वीज कोसळली की संपलं," ती दारोदार सांगत फिरली. एक म्हातारा म्हणाला, कापा मावशीचे डोळे त्या सुजेनंतर जरा जास्तच पुढचं बघतात. तरी ट्रॅक्टरवाल्याने ऐकलं. पट्टा शाळेपासून निघाला आणि खालच्या गल्लीमागच्या घसरणीपाशी येऊन अडला. तिथला चिखल वाळला की पुढचं करू, असं ठरलं.

देम्यानला हे काही मान्य नव्हतं. बर्फ वितळलं तसा तो कुत्रीला घेऊन खोपीवर निघाला.

"काय आहे तिथे आता?" तिने विचारलं. "तू मारायचास ती जनावरंसुद्धा निघून गेली."

"खोपी आहे. बापाने बांधलेली."

"बापाने तुला डोकंही दिलं होतं. तेही घेऊन जा."

तो होडीत बसला.

मे संपताना कोरडी वीज झाली. पाऊस आलाच नाही. दुपारी उत्तरेकडे धुराचा लोट उठला आणि बघता बघता सूर्य तांब्याच्या पैशासारखा झाला. कापितोलिनाने घोंगड्या नदीत बुडवल्या, होडीत टाकल्या आणि मोटर सुरू केली. शेजारीण काठावरून ओरडत राहिली, तिने मागे पाहिलं नाही.

वळणापुढे धूर पाण्याला टेकला होता. ती मधल्या धारेने चालली. काठावर आग झाडावरून झाडावर चढत नव्हती, उड्या मारत होती. वाळलेलं केद्र खालपासून शेंड्यापर्यंत एकदम पेट घेई. गरम राख तिच्या रुमालावर पडत होती. खोपी दिसलीच नाही. जिथे असायला हवी होती तिथे नुसता लाल उजेड होता.

देम्यान छातीभर पाण्यात उभा होता. कुत्रीला खांद्यावर धरलेलं, अर्धी दाढी जळालेली. तिने त्याला बंडीच्या गळ्याला धरून होडीत ओढलं, तिघांवर ओली घोंगडी घेतली आणि होडी धारेला सोडली. घोंगडीखाली तो काहीतरी म्हणत होता. तिने कान लावला.

"दाराची कडी काढायची राहिली. बापाच्या हातची होती."

"गप्प बस," ती म्हणाली, आणि त्याचं डोकं तिने छातीशी दाबून धरलं. येफिम गेला तेव्हासुद्धा तिने देम्यानला असं धरलं नव्हतं.

गाव बरंचसं वाचलं. पट्टा जिथे अडला होता, तिथून आग शिरली आणि खालच्या गल्लीतली घरं गेली. ज्या म्हाताऱ्याने तिच्या डोळ्यांची चेष्टा केली होती, त्याचंही घर गेलं. तो तिच्याकडे राहायला आला. तिने त्याला काही ऐकवलं नाही.

देम्यानची छाती मात्र गेली. दोन पावलं चाललं की धाप. तो अंगणातल्या बाकावर बसून असे, कुत्री पायाशी.

दोन उन्हाळ्यांनंतर उत्तरेकडून एक होडी आली. त्यात गेरासिम नावाचा केत जमातीचा शिकारी होता. त्याचा मुलूख इतका उत्तरेला, की तिथली माणसं या गावाला दक्षिण म्हणत. त्याने टोपी काढली आणि कोटातून औषधाची बाटली बाहेर काढली. आत एक सुरवंट होता.

"आमच्याकडे म्हाताऱ्यांनीही हा कधी पाहिला नाही," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत असेल असं कुणीतरी सांगितलं."

कापितोलिनाने बाटली उजेडात धरली, मग देम्यानकडे दिली. त्याने एकदा पाहून परत दिली आणि खोकत तोंड फिरवलं.

"झाडाखाली उभं राहिलं की पाऊस ऐकू येतो का?" तिने विचारलं.

गेरासिमने होकाराने मान हलवली. "विमान मागवलंय. येतो म्हणालेत."

"येतील. तू त्यांची वाट बघू नकोस. याच वर्षी पट्टा काढा, अर्धा नाही, पुरता. होड्या पाण्यातच ठेवा."

त्याने मासळीचं कालवण खाल्लं, सगळं नीट ऐकून घेतलं. निघताना तो गावामागच्या उघड्या टेकाडाकडे बघत उभा राहिला.

"झाडं परत येतात का, मावशी?"

"गवत येतं," ती म्हणाली. "माणसाएवढं."

ते गवत दर वसंतात वाळून पुन्हा पेटतं, हे तिने त्याची होडी ढकलताना सांगितलं.