नेरच्या गॅरेजचं दार

किस्से काही कोणी ठरवून जमवत नसतं. गॅरेजच्या कोपऱ्यात जुने नटबोल्ट साचतात तसे ते साचत जातात, आणि एक शोधायला गेलं की ओंजळभर हाती लागतात. साठ-बासष्टच्या काळात मी नेरला एका खाजगी मोटर कंपनीत कंडक्टर होतो, तेव्हाचे हे. सगळे एकाच दाराचे.

दार गॅरेजचं, पत्र्याचं, रुळावर सरकणारं. ढकललं की घरघरत यायचं आणि भिंतीच्या हातभर अलीकडे थांबायचं. पुढे म्हणून जायचं नाही. आमचे गणपत मिस्त्री अख्खं इंजिन खोलून पुन्हा जोडायचे, पण हे दार काही त्यांना जमेना. उन्हाळ्यात विचारलं तर म्हणायचे, "काळी माती हाय ना. उन्हानं फाटते. रूळ सरकला तं दार काय करन?" पावसाळ्यात विचारलं तर म्हणायचे, माती फुगली. आमच्या घरांच्या भिंतीही त्याच मातीनं तडकलेल्या, म्हणून आम्ही माना डोलवायचो. फट दोन्ही ऋतूंत तेवढीच कशी, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही!

सगुणावहिनी, म्हणजे मिस्त्रींची बायको, भांडून घाटंजीला माहेरी गेली होती. त्या गॅरेजशीच संसार करा, बोलावल्याशिवाय येत नाही, असं सांगून गेली. मिस्त्रींचं म्हणणं, मी हाकललं नाही, मग बोलावू कायले? झालं. त्यांनी भाड्याची खोली सोडली आणि गॅरेजातच मागच्या बाजूला बाज टाकली.

*

कंपनीच्या मालकांनी, म्हणजे शेठजींनी, एकदा दार मनावर घेतलं. आम्हा चौघांना ढकलायला लावलं आणि स्वतः रुळावर ऑइलचा डबा ओतला. दार हललं नाही. शेठजी मात्र छान सरकले, पांढऱ्या धोतरासकट.

*

एकदा फटीतून बकरी शिरली आणि माझ्या पेटीतली तिकिटं खाऊन गेली. मी डोक्याला हात लावून बसलो. मिस्त्रींनी उरलेले तुकडे निरखून पाहिले.

"सारे गावं सोडून घाटंजीचेच काहून खाल्ले हिनं?"



*

शेवटी शेठजींनी यवतमाळहून फिटर आणला. तो रुळाशी वाकला, वंगणात बोट घातलं आणि काही विचारायला मान वर केली. तेवढ्यात समोरच्या स्टँडवर घाटंजीची गाडी लागली. मिस्त्री हातातला पाना तसाच धरून फटीतून एकेक उतारू न्याहाळत होते. फिटरनं त्यांच्याकडे पाहिलं, स्टँडकडे पाहिलं आणि बोट पुसलं.

"माती खराब हाय, शेठजी," तो म्हणाला आणि यवतमाळची गाडी पकडून परत गेला.

*

घाटंजीची गाडी रहीमचाचा चालवायचे. रोज संध्याकाळी गाडी लावून ते गॅरेजात डोकावायचे. मिस्त्री मान वर न करता विचारायचे, "रोड कसा हाय, चाचा?"

"ठीक हाय. रिकामा हाय."

मग हातोडा पुन्हा सुरू व्हायचा, पण हळू. तो आवाज ऐकून माझा जीव तुटायचा. बाईनं यावं, नाहीतर यानं जावं, पण हे थांबावं असं वाटायचं. चाचांना तर रोज नाही म्हणायला लागायचं.

*

दिवाळी तोंडावर आली आणि शेठजींनी फर्मान काढलं, उद्या हे दार काढून नवं बसवायचं, घट्ट लागणारं. मिस्त्री हो म्हणाले आणि जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी ही बातमी गाडीतून घाटंजीला नेली. कोणाला सांगितली, ते आम्हाला बोलले नाहीत.

नव्या दाराचे पत्रे काही त्या दिवशी आले नाहीत. संध्याकाळी गाडी लागली. मिस्त्री खाली वाकून काम करत होते, बहुतेक वर पाहायचा धीर होत नव्हता.

"रोड कसा हाय, चाचा?"

"आज तूच पाह्य."

फटीत सगुणावहिनी उभी होती, हातात लोखंडी पेटी. मिस्त्री उठले आणि चिंधीनं हात पुसत तिथंच उभे राहिले. तीच आत आली, बाजेकडे पाहिलं, फटीकडे पाहिलं.

"एवढा गार वारा येते. झोपता कसे इथं?"

मिस्त्री रुळाच्या टोकाशी बसले. वंगणात बोटं घालून भलामोठा नट उपसून काढला, पुसला आणि खिशात टाकला. मग एका हातानं दार ढकललं. ते घरघरत आलं आणि भिंतीला टेकलं. आतून कडी लागली.

मी आणि चाचा बाहेर उभे. चाचांनी बिडी पेटवली.

"शेठजीले सांगून दे," ते म्हणाले, "माती बसली म्हणून."