अर्धी दाढी

देवळाली कॅम्पातल्या माझ्या सलूनवाल्याला टीव्हीवरची ती युद्धनौकेची मालिका अजिबात आवडत नाही. तरी गिऱ्हाईक मागतं म्हणून तो रोज तीच लावतो. साथीत सगळं जग मेलंय आणि एकच बोट उरलीय, अशी गोष्ट. वस्तरा चालवता चालवता तो पडद्यावर खेकसतो, "महिनोन्महिने समुद्रात, आन् कटिंग बघा, कालची! बोटीवर न्हावी दाखवला का कुठं?" तोफखान्याच्या सरावाने दुकानाचे आरसे थरथरतात, तेव्हा तो मानही वर करत नाही. पडद्यावरची तोफ उडाली की मात्र शिवी हासडतो.

परवा मालिकेतल्या कप्तानाने किनाऱ्यावरच्या आजारी माणसांना बोटीवर घेतलं नाही. माझा एक गाल झाला होता. मी म्हणालो, "बरोबर केलं. शिस्त पाहिजेच."

वस्तरा थांबला. "साथीत आईला रिक्षात घालून फिरलो मी. प्रत्येक दवाखान्याच्या गेटवर असाच एक शिस्तीचा माणूस उभा होता." त्याने माझ्या गळ्यातलं कापड ओढून काढलं. "उठा."

"अहो, अर्धी राहिलीय!"

"बोट भरली."

तणतणत मी शेजारच्या सलूनमध्ये शिरलो. तिथल्याने फेसाचा गाल बघून हात जोडले. "दुसऱ्याच्या खुर्चीतून उठलेली अर्धी दाढी आम्ही करत नाय, साहेब." पुढच्या दुकानातही तेच. तिसऱ्या दारातून परत फिरलो तेव्हा फेस गालावर सुकला होता आणि मी रागाने नुसता थरथरत होतो.

एवढा संताप, आणि तोही फक्त दाढीपायी.