बारावीच्या पेपरला शिंक

माघ सरत आला की आमच्या खालापूरकडच्या गावात आंबे मोहोरतात आणि माझ्या नाकाला धार लागते. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं कळंबच्या रिसॉर्टांवर शुद्ध हवा खायला येतात. तीच शुद्ध हवा मला सोसत नाही. मी नोकरीला मोहोपाड्याजवळच्या केमिकल कारखान्यात. तिथल्या वासाने नवख्याचं डोकं उठतं, माझं नाक मात्र गुणी बाळासारखं वागतं. सुट्टीला स्वतःच्या अंगणात उभा राहिलो की सलग सतरा शिंका.

त्रास माझा, पण धास्ती आईला. कोणी बाहेर पडताना शिंक आली की तिच्या मते काम फिसकटलंच. "बस जरा खाली, पाणी पी, मग जा," असं ती जाणाऱ्याला बजावते. मग मी तिला विज्ञान समजावतो, तेही शिंकत शिंकत.

त्या वर्षी मुलगी बारावीला होती. तिचं एकच मागणं होतं. "पप्पा, पयल्या पेपरला तुमीच बाईकवर सोडा. मला लय भीती वाटते. गेटपर्यंत या."

पेपरच्या सकाळी मोहोर ऐन भरात होता. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि माझं विज्ञान गळून पडलं. डॉक्टरांनी रात्री जेवल्यावर अर्धी घ्यायला सांगितलेली शिंकांवरची गोळी मी चहाबरोबर अख्खी घेतली. खात्री असावी म्हणून वर आणखी एक. शिंक एकही आली नाही. खुर्चीत बसून एक बूट घातला आणि दुसरा हातात धरून घोरायला लागलो. सगळ्यांनी म्हणे मला हलवलं, तोंडावर पाणी मारलं. मी "निघालोच" म्हणायचो आणि पुन्हा मान टाकायचो. शेवटी शेजारच्यांच्या भाजीच्या टेंपोत बसून ती एकटीच कर्जतच्या परीक्षा केंद्रावर गेली.

दुपारी ती परतली तेव्हा मी तिच्यापुढे खुलासा मांडला. तुला अपशकुन नको म्हणूनच गोळ्या घेतल्या, वगैरे.

"तुमच्या शिंकेला मी कदी भ्याले, पप्पा? बाकीच्यांचे पप्पा गेटवर हुबे होते. तुमी तिथं शंभर शिंका दिल्या असत्या तरी चाललं असतं."

मला फार लाज वाटली. उद्याच्या पेपरला मीच नेतो, गोळीबिळी काही घेत नाही, असं घाईघाईने सांगितलं.

"ऱ्हाऊ द्या," ती दप्तर ठेवत म्हणाली. "भीती पयल्या पेपरची होती. आता नाय वाटत."