चुलवाणाची बातमी

दिवाळी सरली की आमच्या विद्यापीठातल्या विमान अभियांत्रिकी विभागाचा वार्षिक अंक यायचा. चार पानांचा, इंग्रजीत. मी तेव्हा कोल्हापुरात खोली घेऊन राहत होतो, पण अंक जायचा गावच्या पत्त्यावर, आणि तिथं तो माझ्या आधी दादाच्या हातात पडायचा. पत्ता बदलून घ्यायचं राहूनच गेलं, असं मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे त्या विभागाला दोन ओळींचं पत्र लिहायचीसुद्धा मला लाज वाटायची.

अंकात काय असायचं? कोणते प्राध्यापक निवृत्त झाले, कुणाच्या मुलीचं लग्न झालं, नव्या विंड टनेलचं, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्याचं, उद्घाटन कुणी केलं. शेवटचं पान आम्हा जुन्या विद्यार्थ्यांचं. एक अग्निबाणाच्या केंद्रात, एक अमेरिकेत, एक विमानांच्या कारखान्यात बढती मिळून साहेब झालेला. आणि मी? मी पॉलिटेक्निकमध्ये पोरांना नटबोल्टची चित्रं काढायला शिकवत होतो. नोकरीच्या मुलाखतीत विचारलेलं सगळं मला येत असायचं, पण समोर चार माणसं बसली की माझी दातखीळ बसायची. तीनदा असं झालं आणि मी गुपचूप गावाकडं परतलो.

वडील गेले तेव्हा दादानं सातवीतून शाळा सोडली ती मी शिकावं म्हणून. "आमचा धाकला इमानं करतोय," असं त्यानं सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. अंक आला की हायस्कूलच्या इंग्रजीच्या मास्तरांना गाठून तो शेवटचं पान वाचून घ्यायचा. मी रविवारी गावी गेलो की चहा पिता पिता म्हणायचा,

"औंदा बी तुझं नाव न्हाय की रं."

आवाजात राग अजिबात नसायचा, म्हणून तर ते जास्त लागायचं. त्या पानाच्या तळाला 'आपली बातमी कळवा' असं लिहिलेली एक चिठ्ठी असायची. ती मी दरवर्षी फाडून टाकायचो.

आमचा बहुतेक ऊस बिद्रीला कारखान्यावर जायचा. थोडा मात्र दादा गुऱ्हाळासाठी राखून ठेवायचा, कारण गुऱ्हाळावर त्याचा जीव होता. जमिनीत खणलेलं चुलवाण, त्यावर रस आटवायची भलीमोठी काहील, जाळायला उसाची वाळलेली चिपाडं आणि पलीकडं धूर जायला धुराडं. एका रविवारी तिथं बसून काकवी खाताना मी सहज बोलून गेलो,

"दादा, तुझ्या धुराड्याला ओढ नाही. निम्मं चिपाड नुसतं धुमसतंय. धुराची वाट निमुळती केली आणि धुराडं उंच घेतलं, तर निम्म्या जळणात रस आटेल."

हे मी का बोललो? शहाणपणा मिरवायला, दुसरं काय. विद्यापीठात निमुळत्या नळीतल्या हवेवर मी वर्षभर काम केलं होतं आणि तेवढी एकच गोष्ट मला मनापासून आवडली होती. दादानं वाटी खाली ठेवली.

"मग कर की."

झालं. मी कागदावर गणितं मांडली, गवंडी आला, आणि दोन आठवड्यांत धुराडं दीडपट उंच झालं. दादानं सरपंचांना बोलावलं, चुलवाणाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पेढे वाटले. आमच्याकडं नारळ फुटला की काम झाल्यातच जमा असतं. पुलाचा नारळ फुटला की पूल झाला, विहिरीचा फुटला की पाणी लागलं. त्या हिशेबानं दादानं त्याच दुपारी मास्तरांना गाठलं, मी फाडायच्या आत काढून ठेवलेली ती चिठ्ठी माझ्या नकळत भरून घेतली आणि टपालात टाकली. रस अजून काहिलीत पडायचा होता.

दुसऱ्या दिवशी पहिली काहील चढली. आग अशी भडकली की मी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. रस बघता बघता उकळला, आटायला लागला. गुळाचा सगळा खेळ शेवटी असतो. पाक आला असं गुळव्यानं, म्हणजे गूळ उतरवणाऱ्या कारागिरानं, सांगितलं की आग पटकन बसावी लागते. माझं धुराडं कसलं बसू देतंय! चिपाड घालायचं थांबवलं, होतं ते ओढून बाहेर काढलं, तरी तापलेल्या विटा खालून जाळतच राहिल्या. ओढ किती हवी याचं गणित मी केलं होतं, ती थांबवायची कशी याचं केलंच नव्हतं. करपल्याचा वास सगळ्या शिवारात पसरला. दुसरी काहीलही तशीच गेली. संध्याकाळपर्यंत गुळाचे डांबरासारखे काळे रवे ओळीनं मांडले होते आणि दादा त्यांच्याकडं बघत उभा होता. मला सकाळी तास घ्यायचा होता, म्हणून मी शेवटच्या एस.टी.नं कोल्हापूरला निघून आलो. तास दुपारी होता.

पुढच्या रविवारी गेलो तर धुराडं पाडून पूर्वीएवढं केलेलं होतं. त्याविषयी त्यानं काही काढलं नाही. मी तर नाहीच नाही.

विषय तिथंच संपला असता. पण पुढच्या दिवाळीनंतर अंक आला आणि शेवटच्या पानावर मी होतो. वर उपग्रहावर काम करणारा, खाली परदेशात डॉक्टरेट मिळवलेला आणि मधे माझं चुलवाण: 'ग्रामीण भागातील गुळाच्या भट्टीत मूलभूत सुधारणा करून इंधनाची निम्मी बचत.' वाचताना माझे कान तापले. धड मोठी बातमी असती तरी एक वेळ ठीक होतं, धड खरी असती तरी चाललं असतं. ही दोन्ही नव्हती. त्यात अमेरिकेतल्या मित्राचं कार्ड आलं. अभिनंदन, एक ढेप पाठवून दे. तो चेष्टा करत नव्हता कदाचित, पण मी ते कार्ड बारीक बारीक फाडलं.

दादा तो अंक सदऱ्याच्या खिशात घालून फिरत होता. एस.टी. स्टँडवर, कारखान्याच्या गेटवर, सोयऱ्यांच्या लग्नात. घडीवर घडी पडून कागद विरला, तरी त्याचं दाखवणं चालूच होतं.

मग विभागप्रमुखांचं पत्र आलं. आमचे सर दक्षिणेतले, शिस्तीचे, कधी कुणाचं कौतुक न करणारे. त्यांनी लिहिलं होतं, सपत्नीक अंबाबाईच्या दर्शनाला येतोय, तुझी भट्टी बघायची आहे, पुढच्या अंकासाठी फोटोही घेईन. येऊ नका असं कळवावं म्हणून तीनदा कागद घेतला, पण कारण काय लिहायचं ते सुचेना. शेवटी गावी गेलो, तर दादानं धुराडं पुन्हा उंच केलेलं!

"दादा, अरे गूळ परत करपेल."

"करपू दे एक काहील. चिपाड बेतानं घालाय सांगतो."

"पण मला खोटं दाखवायचं नाही."

"खोटं काय त्यात? तू बांधलंस, हुबं हाय, दिसतंय. सायेब एवढ्या लांबनं येनार, त्याला काय रिकामं रान दावतोस?"

यापुढं त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

सर आले त्या दिवशी अर्धा गाव गुऱ्हाळावर लोटला होता. दादानं गुलाबी फेटा बांधला होता. आईनं सरांच्या बायकोला घरात नेलं, ओटी भरली. सर बूट घालून चिपाडं तुडवत चुलवाणाभोवती फिरले, वाकून बघितलं, निमुळत्या वाटेचा उतार मला विचारला. त्यांना खरंच रस होता. त्यामुळं मला आणखी लाज वाटत होती. मास्तर शाळेत परीक्षेला अडकले होते, म्हणून सरांचं इंग्रजी दादाला आणि दादाचं मराठी सरांना सांगायचं काम माझ्याकडं आलं. सरांनी विचारलं, जळण किती वाचतं? मी ते दादाला सांगितलं. तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"निम्मं वाचतंय म्हनावं! आन गूळ कसा, पिवळाधमक!"

सगळा गाव माझ्या तोंडाकडं बघायला लागला. सरही.

"नो, सर," मी म्हणालो.

आणि मग सगळं बोलून टाकलं. गूळ कसा करपला, धुराडं कसं पाडलं, आजच्यासाठी पुन्हा कसं चढवलं, बातमी कुणी पाठवली. मुलाखतीत कधी फुटलं नाही ते इंग्रजी त्या दिवशी धो धो वाहत होतं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. ओढ जास्त झाली म्हणजे अर्धं गणित बरोबर आलंय, म्हणाले. जे झालं ते जसंच्या तसं लिहून पाठव, मी छापतो. मुलांना याचा उपयोग होईल. मला एकदम हलकं वाटलं. त्या विभागाच्या माणसासमोर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मान वर करून उभा होतो.

"काय म्हनाला सायेब?" दादानं विचारलं.

"छान आहे म्हणाले."

दादा खूश दिसला. त्यानं पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला चांगला गूळ सरांच्या हातावर ठेवला. सरांनी कॅमेरा काढला, तेव्हा तो धुराड्याला टेकून, फेटा सावरून, छाती काढून उभा राहिला. मी शेजारी उभा होतो. फोटो कशाचा निघतोय ते आम्हा दोघांपैकी एकालाच ठाऊक होतं, असं मी समजत होतो.

सरांची टॅक्सी गेली. माणसं पांगली. दादा फेटा सोडत चिपाडाच्या ढिगावर बसला.

"समदं सांगितलंस न्हवं त्याला?"

मी पायानं चिपाडं सारत राहिलो.

"'नो सर' एवढं मला बी कळतंय."

"मला खोटं बोलवेना, दादा."

"तू कशाला बोलतोस? मी बोलत हुतो की." तो फेट्याची घडी घालत होता, माझ्याकडं बघत नव्हता. "गूळ करपला तवा यापाऱ्याला म्या सांगितलं, ऊस पान्यात हुता. आईला सांगितलं, गुळव्याला ताप हुता, त्याचं ध्यान नव्हतं. तो बिचारा गप ऐकून घेत हुबा ऱ्हायला. तुझं नाव कुठं येऊ दिलं न्हाय. तू तर त्याच सांजंला गेलतास. आन आज एका घडीत सांगून मोकळा झालास. मला मातूर लबाड करून ठेवलंस, ते बी मला कळू नये अशा भाषंत."

मी खरं बोललो होतो. त्या खरेपणाची एवढी शरम वाटेल असं मला वाटलं नव्हतं. माफी मागायला तोंड उघडलं, पण पुन्हा ती जुनी दातखीळ बसली.

घराच्या दारात आई उभी होती. पाहुणीच्या ओटीचं ताट तिच्या हातात तसंच होतं.

"सायेब काय म्हनाला रं?" तिनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "लई नावाजलं गं ह्येला. असा इंजिनेर बघितला न्हाय म्हनाला."

आईनं माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. दादा पायातल्या वहाणा काढून आत गेला, आणि मी मान खाली घालून त्याच्या मागून.